ताऱ्यांचा कुणाला त्रास नव्हता

म्हैसूर स्टेशनवर त्या सकाळी अण्णा कारखान्याच्या गणवेशातच आले होते. मुलगी परदेशी निघाली म्हणून रजा टाकायची, हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. मेटगळ्ळीच्या कारखान्यात पाळी सुरू व्हायच्या आत पोचायचं होतं, म्हणून ते सारखे घड्याळ बघत होते आणि मधल्या वेळात जो भेटेल त्याला सांगत होते. तिकीट तपासनिसाला कन्नडमध्ये, बाकावर बसलेल्या एका जोडप्याला मोडक्या इंग्रजीत, आणि दुसऱ्याच कुणाला पोचवायला आलेल्या आमच्या आळीतल्या काकांना मराठीत. "आमची शालू. जर्मनीला चाललीय. ताऱ्यांचा अभ्यास करायला."

माझा धाकटा भाऊ माधव तेव्हा डिप्लोमा करत होता. माझी मोठी बॅग त्यानं खांद्यावर घेतली होती, हमालाला हात लावू दिला नव्हता. आईनं चिंचेच्या भाताचा डबा दिला, तो बंगळूरच्या पुढे नेता येणार नाही हे ठाऊक असूनही. "पोचलीस की फोन कर," ती म्हणाली, "आणि थंडीत सुम्ने शहाणपणा करू नको." आमच्या घरच्या मराठीत 'उगाच' हा शब्द नव्हताच. पिढ्यान् पिढ्या म्हैसूरला राहिलेल्या आमच्यासारख्या घरांतून तो कधी गळून पडला कुणाला ठाऊक. त्याच्या जागी कन्नड 'सुम्ने' येऊन बसला होता.

गाडी हलली तसे अण्णा खिडकीबरोबर चालू लागले. "शालू, मागं बघू नको. वर बघ." हे वाक्य त्यांनी आदल्या दिवशी तयार करून ठेवलेलं असणार, कारण ते म्हणून झाल्यावर त्यांना पुढे काय बोलावं ते सुचेना. मी मागंच बघत राहिले. माधव फलाटाच्या टोकापर्यंत पळत आला. त्याच्या चेहऱ्यावर इतका अभिमान होता, की मला रडूसुद्धा येईना.

तो अभिमान पुढे कुठे गेला, ते सांगायला मी बसले आहे. जे मागे राहिले त्यांच्यासाठी लिहिते आहे, आणि माझ्यासारखे जे गेले त्यांच्यासाठीही. जे राहिले ते बहुधा वाचणार नाहीत. माधवला मराठी वाचायचा कंटाळा आहे, आणि माझं काही वाचायचा त्याहून जास्त.

जर्मनीतलं ते गाव लहान होतं. नदी, तिच्यावर पूल, चढावर विद्यापीठ. नोव्हेंबरात सूर्य जायचा तो मार्चमध्ये उगवायचा. घरी सगळ्यांना वाटायचं, मी रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसते. प्रत्यक्षात मी दिवसभर कॉम्प्युटरपुढे असायचे. माझा विषय होता म्हातारे तारे. तारा म्हातारा झाला की फुगतो, आणि त्याच्या अंगावरून धूळ सुटायला लागते. त्या धुळीच्या आडून त्याचा प्रकाश किती बाहेर पडतो, कुठल्या रंगाचा पडतो, याचं गणित मी मांडत असे. आईला हे फोनवर सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "मग ती धूळ झाडतं कोण?" मी हसले. ती हसली नाही. तिला खरंच उत्तर हवं होतं.

सुरुवातीला मी जवळच्या शहरातल्या महाराष्ट्र मंडळात जायचे. एकदा तिथे बोलता बोलता वाक्याच्या शेवटी 'अल्वा?' म्हणाले, 'नाही का?' म्हणतात तसं. पुण्याच्या एक बाई म्हणाल्या, "अय्या, तुम्ही मराठी ना? मग अशा काय बोलता?" सगळे अगदी प्रेमानं हसले. मला त्या प्रेमाचाच राग आला. म्हैसूरला आम्ही मराठी होतो, कारण आम्ही कन्नड नव्हतो. इथे आम्ही मराठीही पुरते ठरलो नाही. पुढच्या गणपतीला मी गेले नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही.

सुट्टीत घरी आले की मात्र माझा थाट असायचा. एका दसऱ्याला आमच्या समाजाच्या हॉलमध्ये माझा सत्कार झाला. शाल, नारळ, आणि डोक्यावर म्हैसुरी पेटा, तो सारखा कानावर उतरत होता. राजवाड्याच्या रोषणाईनं त्या दिवसांत आभाळात एकही तारा दिसत नाही, पण अण्णांनी भाषणात सांगितलं, "माझ्या मुलीनं जे पाहिलंय, ते आपल्यापैकी कुणी पाहणार नाही." माधव फोटो काढत होता. त्याला मेटगळ्ळीत नोकरी लागली होती आणि लग्न नुकतंच झालं होतं. त्याची बायको सुमा बन्नूरची, उसाच्या मळ्यावर वाढलेली, आमचं मराठी शिकता शिकता मध्येच कन्नडमध्ये घसरणारी. पंगतीत तिनं मला हळूच विचारलं, "अक्का, एवढं लांबचं बघून तुम्हांला भय नाही वाटत?"

मी नेमकं काय करते ते त्या हॉलमध्ये कुणालाच कळत नव्हतं, आणि सगळे खूश होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं मला तेव्हा वाटलं नाही.

तारे कोट्यवधी वर्षं जगतात. त्यांच्यावर काम करणाऱ्याला कॉन्ट्रॅक्ट मिळतं दोन वर्षांचं, फार तर तीन. डॉक्टरेट झाल्यावर मी गावामागून गाव बदलत राहिले. नव्या गावात भाड्याची खोली, नवा विमा, परदेशी नागरिकांच्या कचेरीत तेच प्रश्न. पातेली कुणाला तरी देऊन टाकायची आणि पुढच्या गावात पुन्हा घ्यायची. लग्नाचं एकदा जमत आलं होतं. त्याचं कॉन्ट्रॅक्ट दुसऱ्या देशात लागलं, माझं तिसऱ्या. आई गेली तेव्हा मी अशाच एका गावात होते. दोन विमानं आणि एक टॅक्सी करून पोचले तोवर सगळं उरकलं होतं, आणि माधव अंगणात उताणा पडून झोपला होता. त्यानं एकट्यानं सगळं निभावलं होतं. त्याबद्दल तो मला एक शब्दही बोलला नाही.

मग ज्यांच्या गटात मी होते ते प्रोफेसर निवृत्त झाले, ग्रँट पुढे मिळाली नाही, आणि आमचा गट बंद झाला. मी चाळिशी ओलांडली होती. अर्ज करत होते आणि नम्र नकार येत होते. त्या भाषेत नकार फार सुंदर लिहितात. शेवटी हवामानावर काम करणाऱ्या एका संस्थेतल्या बाईंनी मला बोलावलं. त्यांनी माझे पेपर वाचले होते. म्हणाल्या, "तुमच्या ताऱ्यांभोवती धूळ आहे, आमच्या पृथ्वीभोवतीही आहे. वाळवंटाची धूळ, चुलींची काजळी, कारखान्यांचा धूर. ऊन त्यातून कसं उतरतं आणि त्यानं पाऊस कसा बदलतो, ते आम्हांला हवंय. गणित तुमचंच आहे."

मी हो म्हटलं, कारण दुसरं काही हातात नव्हतं. आता भाषणांच्या आधी माझी ओळख करून देताना लोक म्हणतात, "समाजासाठी यांनी आकाश सोडलं." असलं काही नाही. मी तारे सोडले नाहीत, ते माझ्याकडून काढून घेतले गेले. कुणी जाणूनबुजून घेतले असंही नाही. एका कचेरीत एका यादीवर माझं नाव थोडं खाली लागलं, एवढंच. शेवटच्या दिवशी कॉम्प्युटरवरच्या माझ्या फायली दुसऱ्याच्या नावावर करून दिल्या, आणि बसस्टॉपवर उभी राहिले. त्या संध्याकाळी आभाळ स्वच्छ होतं. मी वर बघितलं नाही.

अण्णांना फोनवर सांगितलं. ते तोवर निवृत्त झाले होते.

"म्हणजे आता टीव्हीवर पाऊस सांगणार?"

"नाही अण्णा. पुढच्या तीस-चाळीस वर्षांचा पाऊस. तो कसा बदलेल ते."

"आणि ताऱ्यांचं कोण बघणार?"

जणू मी पहाऱ्यावरून उठून आले होते. "दुसरे आहेत," म्हटलं. "दुसरे असतील," ते म्हणाले, "आपलं कोण आहे?"

त्या कामात मन रमायला वेळ लागला, पण रमलं. ताऱ्यांच्या बाबतीत माझं उत्तर चुकलं तर दुसरा एखादा पेपर निघायचा. इथे उत्तराच्या टोकाला माणसं होती. काही वर्षांनी आमच्या संस्थेनं भारतातल्या काही लोकांबरोबर कावेरीच्या खोऱ्याचं काम घेतलं. पाऊस किती आणि कसा पडेल ते मी सांगायचं, पडलेलं पाणी कुठे जाईल ते जलशास्त्रवाल्यांनी. माझ्या हिशेबात दिसत होतं की पावसाचे दिवस कमी होतील, पण पडेल तेव्हा तो कोसळेल. जलशास्त्रवाल्यांनी त्यावरून चौकोनाचौकोनांचे नकाशे तयार केले. जिथे पाणी साचेल तिथे निळा रंग.

त्या नकाशावर मला आमचं केरे दिसलं. केरे म्हणजे तळं, पण आमच्या घरी तळं कुणी म्हणत नाही. आमचे पूर्वज महाराजांच्या घोडदळात होते, त्याबद्दल मिळालेली थोडी जमीन म्हैसूरबाहेर वरुण्याजवळ या केरेच्या खालच्या अंगाला होती. घोडी गेली, तलवारी गेल्या, जमीन तेवढी उरली. तिथे भात पिकायचा, आणि पिकायचा तो पाणी तिथेच येऊन थांबतं म्हणूनच. आता केरेच्या सांडव्याचा ओढा बुजवून त्यावर रस्ता झाला होता. आमची जमीन नकाशात गडद निळी होती.

आणि माधव ती विकायला निघाला होता. लेआउट करणाऱ्या, म्हणजे जमिनीचे प्लॉट पाडून विकणाऱ्या एका माणसाशी त्याची बोलणी झाली होती. शहर त्या बाजूला सरकत होतं, आजूबाजूचे सगळेच विकत होते, भातात काही उरत नव्हतं. माधवनं नोकरी सोडली होती. मेटगळ्ळीत त्यानं शेड ठरवली होती, स्वतःचं वर्कशॉप काढायचं होतं. अण्णांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या मशिनवर काम केलं, मी माझ्या मशिनवर करणार, असं तो लग्न झाल्यापासून म्हणत होता.

नकाशा बाहेर यायच्या आधी मी त्याला फोन केला. मला वाटलं, त्याला माझ्याकडून कळावं. सगळं सांगून झाल्यावर त्यानं विचारलं.

"अक्का, तो नकाशा केवढा आहे?"

"बन्नूरच्या पुढपर्यंत जातो."

"त्यात आपली जमीन केवढी?"

"एक चौकोन. तोही पुरता नाही."

"मग तेवढा एक चौकोन पुसून टाक की."

"असा पुसता येत नाही रे."

"का? कोण मोजायला बसलंय? एवढ्या मोठ्या नकाशात एक चौकोन पांढरा राहिला तर कुणाला कळणार?"

"तिथे घरं होणार आहेत, माधव. माणसं राहायला येणार."

"आपल्या घरातली माणसं नाहीत का?" त्याचा आवाज चढला. "आईचं मी बघितलं. अण्णांचं मी बघतो. तू इतकी वर्षं तिकडं होतीस, मी कधी काही मागितलं तुझ्याकडं? साडी नको, घड्याळ नको, तिकडचा मोबाइल नको. आज पहिल्यांदा मागतोय. एक चौकोन."

त्याचं म्हणणं खरं होतं. त्यानं कधीच काही मागितलं नव्हतं. मी नाही म्हटलं. आजही विचारलं तर नाहीच म्हणेन. पण ते 'नाही' कसं उच्चारलं ते मला आठवत नाही; फोन ठेवल्याचा आवाज तेवढा आठवतो.

अहवाल मांडायला मी म्हैसूरला आले. एका सरकारी कचेरीचा हॉल, फुलांचा गुच्छ, केशरी भात, कॉफी. मी कन्नडमध्ये बोलले, त्याचं कौतुक झालं. मोठे साहेब म्हणाले, "व्हेरी युसफुल, मॅडम." एकांनी माझ्याबरोबर फोटो काढून घेतला. अहवाल इंग्रजीत होता, तो एका वेबसाइटवर ठेवला गेला. कन्नडमध्ये काढायचं ठरलं होतं, ते ठरलेलंच राहिलं. परवानग्या थांबवायचा अधिकार मला नव्हता, आणि ज्यांना होता त्यांनी थांबवल्या नाहीत.

माझ्या नकाशाचा उपयोग फक्त एका माणसाला झाला. लेआउटवाल्याला. त्यानं त्याची रंगीत प्रत काढली आणि माधवच्या पुढे टेबलावर ठेवली. "तुमच्याच अक्कांचा नकाशा आहे, सार. आम्ही कसा खोटा म्हणायचा?" आणि भाव पाडला. शेडसाठी माधवनं आधीच शब्द दिलेला होता, मशिनांची ऑर्डर गेली होती, त्याला थांबता येणार नव्हतं. त्यानं पडेल त्या भावानं जमीन देऊन टाकली. जमीन हातात आल्यावर त्या माणसानं नकाशा कुणालाही दाखवला नाही.

हे मला सुमानं सांगितलं, पुष्कळ नंतर, स्वयंपाकघरात, पाण्याचा नळ मोठा सोडून. माधवची सगळी मशिनं आलीच नाहीत. जी आली त्यांच्यावर वर्कशॉप उभं राहिलं नाही. शेड दुसऱ्यानं घेतली आणि माधव परत एका कारखान्यात नोकरीला लागला, आपल्याहून तरुण सुपरवायझरच्या हाताखाली.

लेआउट मात्र झाला. त्याला एका फुलाचं नाव दिलं. कमान उभारली, सिमेंटचे बाक ठेवले, केरेच्या काठाला 'लेक व्ह्यू' म्हणून चालण्याचा रस्ता केला. साइट, म्हणजे घरांचे प्लॉट, भराभर विकल्या गेल्या. वर्षा-दोन वर्षांत घरं उभी राहिली, पुढे तुळशीवृंदावन, बाजूला कारसाठी जागा.

अण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून त्या वर्षी मी आले होते. माधव माझ्याशी कामापुरतं बोलत होता. डोळ्यात थेंब किती वेळानं घालायचे, डॉक्टरांकडे कोण नेणार. त्याच आठवड्यात पाऊस आला. रोज येतो तसाच संध्याकाळी सुरू झाला आणि थांबायचं नावच घेईना. सकाळी मी रिक्षा करून वरुण्याकडे गेले. का गेले, विचारू नका. कुणीतरी दुखणाईत असलं की माणूस जातंच.

कमानीपाशी रिक्षावाल्यानं सोडलं. पुढे पाणी होतं. नकाशातलं निळं सपाट आणि स्वच्छ असतं. हे कॉफीच्या रंगाचं होतं, त्यात भाताचं तूस तरंगत होतं, चपला, गॅसची रबरी नळी, कुणाच्या तरी देवघरातली तसबीर. मी मांडीपर्यंत भिजत आत गेले. एका घराच्या जिन्यावर साठीच्या एक बाई बसल्या होत्या. रत्नम्मा त्यांचं नाव. नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, एकट्या, जन्मभर जमवलेलं या तळमजल्याच्या घरात घातलेलं. गुडघ्यांचा त्रास, म्हणून मुद्दाम तळमजलाच घेतला होता. गादी वरच्या पायरीवर ओढून आणली होती आणि तिच्यातून पाणी गळत होतं.

मी पाण्याची बाटली दिली. त्या कन्नडमध्ये म्हणाल्या, "ही खालची जमीन आहे, हे कुणालाच कसं माहीत नव्हतं?"

मला गप्प राहता आलं असतं. मी म्हटलं, "माहीत होतं."

"कुणाला?"

"मला. आम्ही नकाशा केला होता. ही जमीन आधी आमचीच होती."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, "मग सांगितलंत कुणाला?"

मी कचेरीचं नाव सांगितलं, बैठकीचं सांगितलं, वेबसाइटचं सांगितलं. सांगता सांगता मलाच ते ऐकू येत होतं. त्या मान हलवत ऐकून घेत होत्या, पेशंटच्या नातेवाइकांचं ऐकतात तशा. शेवटी म्हणाल्या, "तिथं आम्ही कुठं होतो?" आणि गादी पिळायला लागल्या. मी दुसरं टोक धरलं. आम्ही दोघींनी ती गादी पिळली. गादी अशी पिळली जात नाही, पण तरी.

घरी आले तेव्हा माधव दारातच होता. माझे भिजलेले कपडे त्यानं पाहिले, कुठून आले ते त्याला कळलं. टीव्हीवर तेच चाललं होतं.

"झालं तुझ्या मनासारखं? बरोबर आलं तुझं उत्तर?"

सुमा आतून कन्नडमध्ये म्हणाली, "साकु," आणि मग मराठीत, "आता पुरे करा." पण तो थांबला नाही.

"ते पाणी यायचं होतं, ते आलंच. तू थांबवलंस? नाही. घरं थांबली? नाही. थांबलो मी. तुझ्या एवढ्या अभ्यासानं या गावात एकच माणूस बुडाला, तो पाण्यानं नाही."

मी अण्णांकडे पाहिलं. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा मिटलेला. मला वाटलं, ते काहीतरी बोलतील, लहानपणी आम्ही भांडलो की बोलायचे तसं. त्यांनी हातानं पट्टी सारखी केली. मग म्हणाले, "ताऱ्यांचं बरं होतं गं, शालू. त्यांचा कुणाला त्रास नव्हता."

या वाक्याचा मी नंतर खूप विचार केला. माझ्याच माणसानं माझ्या दोन्ही आयुष्यांचं मोजमाप एकदम केलं होतं. ज्याचा कुणाला उपयोग नव्हता, त्याबद्दल शाल आणि नारळ. ज्याचा होऊ शकला असता, त्याबद्दल हे.

तुम्ही जे दूर गेलात, त्यांना हे वेगवेगळ्या तऱ्हांनी कळलं असेल. तुमचं तिकडचं यश घरच्यांना आवडतं, ते तिकडे आहे तोवर. ते फोटोत असावं, पंगतीत सांगायला असावं. ते परत येऊन घराच्या व्यवहारात बोट घालू लागलं, की तुम्ही कोण, कधी आलात, आणि परत कधी जाणार, हे विचारलं जातं. आणि जे राहिले, त्यांनाही मी दोष देऊ शकत नाही. मी तारे बघत होते त्या सगळ्या वर्षांत माधव अण्णांना दवाखान्यात नेत होता. माझ्या खरेपणाची किंमत त्यानं भरली, मी नाही. माझी नोकरी गेली नाही. उलट त्या पुरानंतर मला इथल्याच एका संस्थेत बोलावणं आलं, कारण आमचा अहवाल बरोबर ठरला होता. वर्तमानपत्रात फोटो आला, खाली 'मायभूमीला परतलेल्या शास्त्रज्ञ'. सुमा म्हणाली, माधवनं त्या दिवशी पेपर उघडलाच नाही.

मी परत आले. म्हैसूरमध्ये, वडिलांच्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर, एका इमारतीत भाड्यानं राहते. शेजारी विचारतात, तुमचं घर कुठलं. मी गल्लीचं नाव सांगते. "मग इथं भाड्यानं का?" म्हणतात. "ऑफिस जवळ पडतं," मी सांगते. ऑफिस जवळ पडत नाही. जर्मनीत होते तेव्हा मला घराची आठवण यायची आणि ती आठवण करायला एक घर होतं. आता मी त्याच गावात आहे, तीच भाषा बोलते, 'अल्वा' म्हटलं तर कुणी हसत नाही, आणि आठवण कशाची काढायची ते कळत नाही.

अजून मी पावसावरच काम करते. आमचे नकाशे आता कन्नडमध्ये निघतात, त्यासाठी मी भांडले. पंचायतीत जाऊन वाचूनही दाखवते. लोक ऐकतात, कॉफी देतात. मग बाहेर साइटच्या भावांबद्दल बोलतात.

रविवारी मात्र मी अण्णांकडे जाते. त्यांची पट्टी कधीच निघाली, पण दिसणं आता फारसं उरलेलं नाही. मी आले की ते टीव्ही बंद करायला सांगतात. परवाच्या रविवारी मी गेले तेव्हा बाहेर आभाळ भरून आलं होतं. सवयीनं मी म्हणाले, "आज जोराचा येणार, अण्णा."

"पावसाचं नको," ते म्हणाले. "ताऱ्यांचं सांग."

मग मी सांगायला लागले, दर रविवारी सांगते तसं. तारा म्हातारा कसा होतो, किती फुगतो, त्याचा रंग कसा तांबूस होत जातो. हे सगळं जुनं आहे. गेल्या इतक्या वर्षांत त्या विषयात काय काय नवीन कळलंय, कुठलं आमचं गणित चुकलं, मला माहीत नाही. तिथले पेपर आता मला पुरते समजतही नाहीत. अण्णांना ते ठाऊक नाही. ते मान मागे टेकवून ऐकत राहतात, आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान असतं, आणि या घरात मला एवढंच बोलायची मुभा आहे.

मी बोलत असताना फाटकाबाहेर स्कूटर थांबली. खिडकीतून मला माधव दिसला. हातात भाजीची पिशवी होती, आणि पावसाचे पहिले थेंब त्याच्या शर्टावर पडत होते. त्यानं एक पाय खाली टेकला, पायरीवरच्या माझ्या चपला पाहिल्या. थोडा वेळ तसाच भिजत उभा राहिला. मग गाडी वळवली आणि गेला.

सुमानं कॉफीचा पेला माझ्यासमोर ठेवला आणि खिडकी लावून घेतली.

"हं," अण्णा म्हणाले. "मग पुढं काय होतं त्याचं?"

मी पुढचं सांगितलं.